रक्ताची तिसरी पिशवी

रुपाली नगराळे माझ्या घरात वरच्या खोलीत राहायला आली, तेव्हा मी तिला दोन गोष्टी बजावल्या होत्या. गच्चीवर आधी माझे पापड वाळतील, मग तुझे कपडे. आणि जिन्यात उभं राहून फोनवर गप्पा मारायच्या नाहीत. पहिली तिनं पाळली. दुसरी ती मोडते असं मला वाटायचं, कारण संध्याकाळी कामावरून आली की ती जिन्याच्या वळणावर थांबायची, मागे वळून काहीतरी पुटपुटायची आणि कठड्याला चिकटून उभी राहायची. मागून कुणी दमत दमत चढतंय आणि त्याला वाट द्यायची आहे, अशी. फोन मात्र तिच्या पर्समध्ये असायचा.

मी पुष्पा राठोड. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर यवतमाळात लोहाऱ्याच्या बाजूला हे घर बांधलं. मेलेल्यांची मला भीती नाही, कितीतरी जणांचे डोळे मी या हातांनी मिटलेत. पण चांगली शिकलेली, पगार मिळवणारी बाई रिकाम्या जिन्यात कुणाला तरी वाट देते हे पाहून माझ्या अंगावर काटा आला. शिवाय मी फटकळ. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

"कोनाले रस्ता देतं व?" मी विचारलंच.

ती ओशाळली. "सवय हाये, सिस्टर. माह्या भावाले चढताना दम लागे. मी त्याले पुढं जाऊ देत जावो."

"भाऊ कुठं असते?"

"गेला," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

कळलं ते हळूहळू. तिचं माहेर राळेगाव तालुक्यातलं. आई ती लहान असतानाच गेली, वडील नागोराव एसटीत मेकॅनिक होते. भाऊ एकच, संघर्ष, तिच्याहून धाकटा. आणि ती इथे एका मेडिकल कॉलेजात संशोधन करते. कशावर, तर रक्त कसं वाहतं यावर. पुस्तकात त्याला श्यानता म्हणतात म्हणे. माझी जीभ अडखळते, मी आपली दाटपणा म्हणते.

तिनं मला ते यंत्र एकदा दाखवलं. एक लहानशी चकती, तिच्यावर रक्ताचा थेंब टाकायचा, वरून एक बसका शंकू येऊन टेकतो आणि गोल फिरतो. फिरायला किती जोर पडतो, तो आकडा समोर उमटतो. मी म्हटलं, एवढ्यासाठी डॉक्टरेट कशाला, माझी आई पाकाची तार दोन बोटांत धरून हेच सांगायची. ती हसली, पण मग म्हणाली, पाण्याला जोरात ढवळा की हळू, त्याचा स्वभाव तोच राहतो. रक्ताचं तसं नाही. ते धावत असलं की पातळ असतं आणि रेंगाळलं की दाट होतं. जितकं हळू, तितकं दाट, आणि जितकं दाट, तितकं आणखी हळू. हे ऐकल्यावर मी पाकाची गोष्ट पुन्हा काढली नाही.

ती ज्यांचं रक्त तपासते ते सिकलसेलचे पेशंट. आमच्या भागात हा आजार कितीतरी घरांत मुक्कामाला आहे. रक्तातल्या गोल, मऊ पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. मग हाडं अशी ठणकतात की धडधाकट पोरगं गुरासारखं ओरडतं. मी वॉर्डात ते ओरडणं ऐकलेलं आहे. संघर्षला तोच आजार होता.

रुपाली बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना, भीमजयंतीच्या दिवशीच संघर्षचं अंग दुखायला लागलं. यवतमाळला एका खाजगी दवाखान्यात नेलं. पोरगं पांढरंफटक पडलेलं, रक्त कमी. वस्तीतली पोरं मिरवणूक सोडून मिळेल त्या गाडीनं मागोमाग आली, कपाळावरचा निळा गुलालही कुणी पुसला नव्हता. सगळ्यांनी रक्तपेढीत जाऊन बाही वर केली. नागोरावांनीही केली. पहिली पिशवी चढली आणि संघर्षच्या तोंडावर रंग आला. दुसरी चढली आणि तो उठून बसला. वस्तीला वाटलं, अजून एक दिली तर घरी चालत येईल.

तिथला डॉक्टर पोरगेलासा होता. तो म्हणाला, आता पुरे, जास्त रक्त याला झेपणार नाही. तेव्हा रुपाली पुढे झाली. सगळ्या वस्तीत कॉलेजात जाणारी तीच, म्हणून सगळ्यांच्या वतीनं तीच बोलली. "आमच्याजवळ रक्त हाये, देनारे हायेत. आमच्या पोराले द्याचं म्हटलं का तुमचा हात काहून आखडते?"

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आयुष्य काढलं आहे. हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय, आणि ते दर वेळी खोटंच होतं असं म्हणायची माझी छाती नाही. ज्या घरातल्या आजोबांच्या ओंजळीत लोकांनी वरून पाणी ओतलं, त्या घराला कुणी 'पुरे' म्हटलं तर ते कसं ऐकू येणार? बाहेर पोरांची गर्दी वाढत होती. डॉक्टर गांगरला आणि त्यानं तिसरी पिशवी लावली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी संघर्ष म्हणाला, "ताई, डोकं जड झालं." मग त्याला झटके आले आणि ऊन उतरायच्या आत तो गेला.

तेव्हा कुणाला काही कळलं नाही. आजारच तसा, म्हणून सगळ्यांनी मान खाली घातली. पण रुपाली शिकत गेली, आणि पुढे एका वर्गात तिनं ऐकलं की सिकलसेलच्या माणसाला रक्त द्यायलाही एक मर्यादा असते. त्याच्या ताठ पेशी तशाच अंगात असतात आणि वरून आणखी भरल्या की रक्त दाट होतं, मेंदूकडे जाताना तुंबतं. त्या दिवसापासून तो यायला लागला.

"भूत मी मानत नाही," ती मला म्हणाली. आम्ही गच्चीवर बसलो होतो, खाली रस्त्यावर भाजीवाल्यांची आवराआवर चालली होती. "आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्या हायेत. बाबा लहानपणी पाठ करून घेत. मी भूत मानतच नाही, सिस्टर. पण तो येते."

दुपारी यायचा. यंत्र हळू फिरायला लावलं, रक्त दाट होण्याची वेळ आली, की तिच्या मागे, खांद्याजवळ, तोच आवाज. ताई, डोकं जड झालं. ती वळून पाहायची नाही. वळून पाहिलं तर तो नसेल, ही तिला भीती होती, आणि असेल, ही त्याहून मोठी.

मी आपली तांड्यातली बाई. घाटंजीकडे माझ्या माहेरी एक भगत होता, त्याच्याकडे चल म्हटलं. लिंबू उतरवील, मीठ-मिरची ओवाळील, फरक पडो न पडो, मनाला तरी बरं वाटेल. "तुमच्याकडं उतरवाले मानूस तरी हाये," ती म्हणाली. "मी कोनाकडं जाऊ? जे मानतच नाही ते उतरवाचं कसं?" मी उठून वाळलेले पापड गोळा करायला लागले.

तिची सगळी मोजमापं झाली होती. रक्त देण्याआधीचं, एका पिशवीनंतरचं, दोन पिशव्यांनंतरचं, तेवढ्या प्रमाणात रोग्याचं आणि चांगलं रक्त मिसळून ती मोजायची. तीन पिशव्यांचं मिश्रण तेवढं ती करत नव्हती. तिच्या गाइड मॅडम विचारायच्या, ती कारणं सांगायची. वर्गात ऐकलेलं पुस्तकातलं होतं, तिथे अजून शंकेला जागा होती. स्वतःच्या हातानं मोजलं की ती जागाही जाणार. आणि ते एकदा पक्कं कळलं, की मग नागोरावांना सांगावं लागणार.

नागोरावांना मी ओळखत होते. महिन्याकाठी यायचे, येताना तुरीची डाळ आणायचे, माझा बिघडलेला कूलर न सांगता दुरुस्त करून जायचे. कमी बोलणारा माणूस. फक्त वर्षातून एकदा मोकळं बोलायचे. दर भीमजयंतीला ते गावच्या विहारापाशी संघर्षच्या नावानं रक्तदान ठेवतात. एका वर्षी मलाही नेलं होतं, सुया टोचायला हात हवा म्हणून. तिथे माइक हातात घेऊन ते म्हणाले, "माह्या पोराच्या अंगात आख्ख्या वस्तीचं रक्त होतं. अन् अखेरची पिशवी माही होती. आमी त्याले काईच कमी पडू देल्लं नाही." मग पोरं रांगेत उभी राहिली. मागे रुपाली जमिनीकडे बघत उभी होती. बायको गेली, पोरगा गेला, आणि हा माणूस त्या एका वाक्यावर उभा आहे हे मला तेव्हा दिसलं. तिला तर रोज दिसत होतं. ते वाक्य काढून घेतलं तर बाप कशावर उभा राहील, याच धाकात ती जगत होती.

तरी ते तिला काढावं लागलं, अंजूमुळे.

अंजू त्यांच्याच वस्तीतल्या प्रफुल्लची मुलगी, नववीतली. हाच आजार. संघर्षच्या वेळी रक्त द्यायला आलेल्या पोरांत प्रफुल्ल पहिला होता. ते ऋण गावानं विसरणं शक्यच नव्हतं, म्हणून अंजूला यवतमाळला रुपालीच्याच कॉलेजच्या दवाखान्यात भरती केल्याचं कळताच नागोराव टेम्पोभर पोरं घेऊन आले. एक पिशवी चढली, पोरीला बरं वाटलं, दुसरीही चढली. मग तिथल्या डॉक्टरणीनं सांगितलं, बस, आता सलाईन आणि आराम. बाहेर कुजबुज सुरू झाली. दोनच काहून? देनारे तर एवढे बसले. नागोरावांनी रुपालीला बोलावलं. "तू त्या टायमाले बोललती ना डॉक्टरसंगं, तशीच बोल. तुह्यं आयकतीन."

मी अंजूसाठी डबा घेऊन गेले होते म्हणून हे सगळं माझ्या समोर झालं. रुपालीचा चेहरा त्या वऱ्हांड्यातल्या भिंतीसारखा झाला. ती बापाला म्हणाली, "बाबा, थोडं थांबा. मी आलोच." आणि तरातरा प्रयोगशाळेकडे निघाली. मी तिच्या मागे. प्रफुल्लची परवानगी तिनं आधीच घेतली होती, अंजूच्या पिशव्या चढण्याआधीच्या तपासणीतलं उरलेलं रक्त तिथे होतं.

दुपारची वेळ. लोक जेवायला गेलेले, खोलीत एसीची घरघर तेवढी. तिनं मिश्रण केलं. आधी एका पिशवीचं, मग दोन पिशव्यांचं, आकडे येत गेले आणि ती मान हलवत गेली. मग तिसरं. थेंब चकतीवर ठेवला, शंकू खाली आला आणि तिनं यंत्र सावकाश फिरायला लावलं. आकडा चढला. थांबेल वाटलं तिथे थांबला नाही. मला त्यातलं गणित कळत नाही, पण थर्मामीटरचा पारा चढताना पाहायची सवय असलेल्या बाईला चढणं कळतं.

"आला," रुपाली म्हणाली. आकड्याबद्दल म्हणाली नाही.

मी मागे पाहिलं. कुणी नव्हतं. कपाट, खुर्ची, टांगलेला कोट. पण मी पदर अंगाभोवती ओढून घेतला. इतके दिवस मी तिची थट्टा केली होती. त्या खोलीत आम्ही दोघीच होतो असं शपथेवर सांग म्हणाल, तर मी शपथ घेणार नाही.

ती रडत होती आणि आकड्याकडे बघत होती. मग प्रथमच ती वळली, मागच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून नीट उभी राहिली आणि म्हणाली, "हो रे. तिसरी पिशवी मीच द्याले लावली." एवढंच. यंत्र बंद केलं, चकती पुसली आणि आम्ही वॉर्डाकडे परत आलो.

वऱ्हांड्यात पोरं उभीच होती. तिनं बापाला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांसमोर सांगितलं. "अंजूले आता रक्त नाही द्याचं. डॉक्टर बरोबर सांगून राह्यल्या. जास्त झालं का रक्त दाट होते, डोक्यात तुंबते. संघर्षले तिसरी पिशवी द्याले नव्हती पायजे, बाबा. तो डॉक्टर नाही म्हनत होता. मी भांडलती."

प्रफुल्लनं खाली बसून दोन्ही हात डोक्यावर ठेवले. नागोराव मात्र तिच्याकडे असे बघत होते, जसं दूरचं काही वाचायचा प्रयत्न करतोय माणूस.

"तिसरी माही होती," ते म्हणाले.

इथे मला राहवलं नाही. बापाच्या रक्तानं पोरगा गेला, एवढं ओझं कुणी का न्यावं? आणि ते खरंही नव्हतं. मी म्हटलं, "नाही, नागोरावभाऊ. मी नर्स होती, मले मालूम हाये. पेढीतून तपासून ठेवलेली पिशवी भेटते. आपन देतो ते बदलीत जमा होते अन् तपासून मंग दुसऱ्याच कोनाले जाते. तुमची पिशवी संघर्षले लागलीच नसन."

रुपालीनं माझा हात घट्ट दाबला. मला वाटलं, आभार मानते आहे. ती थांबवत होती.

नागोरावांना ते समजायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा जो पडला, तसा मुलीचं ऐकूनही पडला नव्हता. "म्हंजे माह्यं रक्त त्याच्यात गेलंच नाही?" त्यांनी माझ्याकडून रुपालीकडे पाहिलं. "वस्तीचं? या पोराह्यचं? कोनाचंच नाही?"

रुपाली काय बोलणार? गेलं म्हणावं तर बापानं पोराला मारलं. नाही गेलं म्हणावं तर बाप पोराच्या अंगात नव्हताच, परक्या कुणाचं तरी रक्त घेऊन तो गेला. माझ्या चोंबडेपणाचा मला असा राग कधी आला नव्हता.

नागोराव बाकावर टेकले. आत नळातून पाणी ठिबकत होतं, कुणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं. मग ते उठले, टोपी नीट केली.

"माहीच होती ते," ते म्हणाले. "तुमच्या पेढीचं तुमी बघा, सिस्टर. माह्या पोराच्या अंगात माहंच रक्त होतं. जास्त झालं असन तं जास्त झालं. पन माहं होतं." आणि पोरांना म्हणाले, "चला रे. अंजूले आता झोपू द्या."

अंजू बरी होऊन घरी गेली. पुढच्या भीमजयंतीला मी पुन्हा सुया टोचायला गेले, कुणी न बोलावता. विहारापुढे निळे झेंडे, मांडवात खाटा. नागोरावांनी माइक घेतला. वाक्य तेच सुरू केलं, की माझ्या पोराच्या अंगात वस्तीचं रक्त होतं. मग थांबून म्हणाले, "औंदा पुढचं सांगतो. तिसरी पिशवी माही होती. अन् ते जास्त झाली. डॉक्टर पुरे म्हने, आमी आयकलं नाही. पोट्टेहो, रक्त द्या. पन कोनाले किती लावाचं, ते डॉक्टरले ठरवू द्या." मग प्रफुल्ल खाटेवर जाऊन झोपला, बाही वर केली, आणि त्याच्यामागे रांग लागली.

रुपाली माझ्या शेजारी उभी होती. तिसरी पिशवी त्यांची होती हे खोटं आहे, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. आम्ही दोघींनी कापसाचे बोळे करणं चालू ठेवलं. मग ती हळूच म्हणाली, "सिस्टर, त्या दिवसापासून तो येत नाही माह्याकडं." मला वाटलं, सुटली पोरगी. पण ती डोळे पुसत होती. सुटल्याचं ते रडणं नव्हतं.

निघताना नागोराव मला स्टँडपर्यंत पोचवायला आले. एसटीला वेळ होता. कडुलिंबाखाली उभे असताना इकडे तिकडे बघून, जवळ सरकून, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेला तो माणूस मला म्हणाला, "पोरीले नका सांगू. तो आता माह्याकडं येते, दुपारचा."

"काय म्हनते?" मी विचारलं.

"इचारते, बाबा, सुई टोचली तवा दुखलं का तुमाले?" नागोरावांनी डाव्या हाताची बाही जरा वर केली, कोपराच्या आतली जागा अंगठ्यानं दाबली. "मी म्हन्तो, नाही रे. काईच नाही दुखलं."